वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं : किराण्याचं बजेट नक्की कुठे फुटतं?

या महिन्यात घरखर्चाची पत्रं खूप आली, त्यातली चार घेतलीयेत. पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणींनी विचारलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीत राहतो. मी, मिस्टर, मुलगी नववीत, मुलगा चौथीत आणि सासूबाई, त्यांना शुगर आहे. खाण्यापिण्याचे महिन्याला 15 हजार धरलेत पण जातात 19-20 हजार. वाण्याचं बिल साडेसहा हजार, दूध रोज दोन लिटर त्याचे 3,600, भाजी आणि फळं साडेचार हजार, हे सगळं मी वहीत लिहिते. मधेअधे ॲपवरून काही मागवतो ते वेगळं. तरी 20 तारखेनंतर हात आखडता घ्यावा लागतो. मिस्टर म्हणतात किराणाच कमी कर. लिस्ट सोबत पाठवलीये, त्यातलं काय कमी करू ते सांगा.

उत्तर : ताई, आधी तुमच्याच आकड्यांची बेरीज करू. 6,500, 3,600 आणि 4,500, झाले 14,600. म्हणजे वहीत जेवढं आहे ते 15 हजारात बसतंय की! वरचे साडेचार-पाच हजार जातायत ते "मधेअधे ॲपवरून" या दोन शब्दांत, आणि ते वहीत नाहीयेत. एक दिवसाआड 300 रुपयांची ऑर्डर धरा, महिन्याला साडेचार हजार होतात. एकावेळी 300 काही वाटत नाहीत म्हणून कुणी लिहीत नाही, आणि मग महिनाअखेरीला कात्री लागते ती तूरडाळीला, म्हणून मला तुमच्या मिस्टरांचं म्हणणं पटत नाहीये. वाण्याच्या यादीला हात लावायच्या आधी दोघांनी मिळून मोबाईलमध्ये गेल्या महिन्याच्या ऑर्डरी उघडून बघा, भांडायला नाही, नुसतं बघायला, कुणी केव्हा काय मागवलं ते.

बहुतेक घरांत त्यात तीन प्रकारचं सामान सापडतं. एक म्हणजे विसरलेलं, कोथिंबीर, लिंबं, साबण, मोहरी. दुसरं संध्याकाळच्या भुकेचं, ब्रेड, नूडल्स, चिप्स, बिस्किटं. आणि तिसरं, डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून वर चढवलेलं, जे मुळात कुणाला नकोच होतं. तिसरं तर बंदच करून टाका. विसरलेल्या सामानासाठी फ्रीजवर एक कागद चिकटवा आणि घरात नियम करा की डबा तळाला गेला की ज्याने बघितलं त्याने लिहायचं, मुलांनीसुद्धा, आणि ॲपची ऑर्डर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, त्या कागदावरूनच. मधे हळद संपली तर खालच्या वाण्याकडे मुलगी पाच मिनिटांत जाऊन येईल, तिथे हळदीच्या पाकिटाबरोबर आइस्क्रीमची जाहिरात दिसत नाही.

खरा खर्च त्या दुसऱ्या प्रकारात आहे, साडेचार-पाचच्या भुकेत. मुलं शाळेतून, क्लासमधून येतात, त्यांना तेव्हा कडकडून भूक लागलेली असते, आणि घरात हाताशी काही नसेल तर ती मोबाईल उचलणारच, यात त्यांची चूक नाही. त्या वेळेसाठी घरात कायम दोन गोष्टी तयार असू द्या. एक कोरडी : पातळ पोह्यांचा चिवडा, नाहीतर भाजके चणे-शेंगदाणे आणि गूळ. दुसरी गरम, दहा मिनिटांत होणारी, आणि त्यासाठी थालीपिठाच्या भाजणीसारखं काही नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, थोडे गहू, चणाडाळ, उडीदडाळ आणि मूठभर धने असं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, गार करून गिरणीतून जाडसर दळून आणायचं. किती काय घ्यायचं हे सासूबाईंना विचारा, त्यांच्या हाताला ते माहीत असणार आणि त्यांना विचारलेलं आवडेलही. कांदा घालून भिजवायचं आणि तव्यावर थापायचं एवढंच काम उरतं, नववीतल्या मुलीला ते सहज जमतं आणि सोबत दही असलं की पोट भरतं.

आता तुमची यादी. पाच माणसांना तूरडाळ 2 किलो, मूगडाळ 1 किलो, कडधान्य फक्त अर्धा किलो मटकी, आणि तेल मात्र 6 लिटर! हे उलटं व्हायला हवंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसाच्या ताटात डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम धरलंय. तुमच्या यादीत माणशी रोज डाळी-कडधान्य जेमतेम 23 ग्रॅम पडतंय आणि तेल 36 ग्रॅम. अगदी 85 ग्रॅमपर्यंत लगेच जाणं अवघड आहे, घरात दूध-दही भरपूर आहे ते मी धरतेय, पण साडेतीन किलोवरून सहा-सात किलोवर नक्की जा. तेल 4 लिटरवर आणा, तूप वापरत असाल तर तेही त्याच हिशोबात धरायचं. दोन लिटर तेलाचे वाचले त्यात अडीचेक किलो कडधान्य येतं. मटकी, मूग, चवळी, मसूर, काळे वाटाणे, हरभरे असं पाव-पाव, अर्धा-अर्धा किलो आणा म्हणजे मुलंही कंटाळणार नाहीत.

मोडाच्या कडधान्याचं गणित डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही म्हणून सांगते. रविवारी सकाळी दोन वाट्या मटकी भिजत घाला, रात्री उपसून पाणी पूर्ण निथळू द्या आणि ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवून द्या, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत जरा जास्त वेळ लागतो. त्या दोन वाट्यांच्या पाच वाट्या तरी होतात. अर्ध्याची मंगळवारी उसळ, सगळ्यांच्या डब्याला पुरते, उरलेली कच्चीच फ्रीजमध्ये, ती गुरुवारी मसालेभातात घाला किंवा वाफवून कांदा-टोमॅटो-लिंबू घालून पाचच्या भुकेला द्या. सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक मांडू नका, हीच उसळ, एक भाकरी, ताक, कोशिंबीर आणि भात अगदी थोडा, असं त्यांचं पानही त्याच स्वयंपाकातून होतं. फक्त गोळ्या चालू असतील तर भात किती कमी करायचा ते एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

भाजीचं एकच सांगते, आणल्यावर कुठली आधी संपवायची ते ठरवा. पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी, गवार, वांगी, शेवटी कोबी, दुधी, भोपळा, बटाटा. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी भाजी आणायचीच नाही, त्या दिवशी पिठलं किंवा डाळकांदा. मेथीची जुडी चौथ्या दिवशी पिवळी पडून कचऱ्यात गेली की 20-30 रुपये सरळ गेले आणि त्या दिवशी पुन्हा ॲप उघडलं जातं ते वेगळंच.

प्रश्न : मी पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे, बायकोही नोकरी करते. पोळ्यांना मावशी येतात, भाजी-आमटी आम्ही करतो, म्हणजे खरं सांगायचं तर तीच करते. रोज संध्याकाळी साडेसातला "काय करायचं?" यावरून वाद होतो आणि शेवटी बाहेरून मागवतो. आठवड्याचा मेन्यू लिहून बघितला, दोन दिवस चालला. मी मदत करायला तयार आहे पण ती सांगतच नाही काय करू.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. "ती सांगतच नाही काय करू." अहो, तेच तर काम आहे! भाजी चिरायला दहा मिनिटं लागतात पण काय आणायचं, काय संपलंय, काल काय झालं होतं, उद्या मावशींची सुट्टी आहे का, हे सगळं दिवसभर एकटीच्या डोक्यात फिरत राहतं आणि तुम्ही जेव्हा काय करू म्हणून विचारता तेव्हा त्यात अजून एका प्रश्नाची भर पडते. म्हणून मदतनीस होऊ नका, एक अख्खा भाग स्वतःकडे घ्या. मी म्हणेन रात्रीचा घ्या.

झोपायच्या आधी ओट्याजवळ उभं राहून तीन गोष्टी बघायच्या. उद्यासाठी काही भिजत घालायचंय का, मावशींना पुरेल एवढं पीठ डब्यात आहे का, आणि उद्याची भाजी निवडून-धुऊन तयार आहे का. राजमा, छोले, मटकी यांना आदल्या रात्रीची आठवण लागते, तेवढी ठेवली की दुसऱ्या दिवशी निम्मा मेन्यू आपोआप ठरलेला असतो, कारण भिजलेले छोले कुणी तसेच सोडत नाही. गवार निवडणं, लसूण सोलणं, दाण्याचं कूट करणं ही कामं टीव्ही बघताना होतात, तुम्ही करा, बायकोला न विचारता करा.

मेन्यू दोन दिवसांत मोडला कारण तुम्ही बहुतेक पदार्थांची नावं लिहिली असणार. सोमवारी भरली वांगी असं लिहिलं आणि सोमवारी वांगी नसली की तो कागद गेलाच. त्याऐवजी वाराला फक्त प्रकार लावा. सोमवार पालेभाजी, मंगळवार उसळ, बुधवार फळभाजी आणि वरण, गुरुवार अंडी नाहीतर पनीर, शुक्रवार खिचडी-कढी-पापड, शनिवारी मनाला येईल ते. मग पालेभाजीत पालक का मेथी एवढंच ठरवायचं राहतं, ते फ्रीज उघडला की कळतं.

अजून एक करून बघा, आमटीसाठी डाळ लावाल तेव्हा दुप्पट लावा. शिजलेली साधी तूरडाळ फोडणी न घालता डब्यात काढून गार करून लगेच फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी चिंच-गुळाची आमटी किंवा डाळ-पालक पंधरा मिनिटांत होतं. ज्या दिवशी दोघंही दमून येता त्या दिवसासाठी हा डबा आहे. आणि बाहेरचं मागवायचंच असेल तर आठवड्यातला एक वार ठरवून मागवा, आवडीचं मागवा आणि दोघांनी मजेत खा. भुकेने चिडून मागवलेलं जेवण महागही पडतं आणि त्याची चवही लागत नाही.

प्रश्न : माहेरी साताऱ्याकडे वर्षाचं धान्य भरतात. मी लग्न होऊन ठाण्याला आले, इथे सासूबाई म्हणतात महिन्याचं आण. वर्षाचं भरलं तर स्वस्त पडेल ना? आणि किडे होऊ नयेत म्हणून काय करायचं?

उत्तर : ठाण्याच्या हवेत तुमच्या सासूबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. साताऱ्याच्या घरात कोरडी हवा, कणगी, अंगणभर ऊन, वन बीएचकेत ते कुठून आणणार? पावसाळ्यात इथे मीठ पाणी सोडतं, तिथे पोत्यातल्या गव्हाचं काय होत असेल. तरी गहू आणि तांदूळ ही दोनच धान्यं मी जास्त भरायला सांगेन, तीही तीन-चार महिन्यांची, आणि घ्यायची एप्रिल-मे मध्ये. नवा गहू तेव्हा बाजारात आलेला असतो आणि ऊनही कडक मिळतं.

पैशाचं म्हणाल तर जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठाला 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालाला लागत नाही. त्यामुळे ओळखीच्या भुसार दुकानातून सुटा गहू निवडून घेतला तर तेवढा फरक पडतो. शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एक पोतं घेऊन वाटून घेतलं तर भावातही थोडं सुटतं आणि ठेवायच्या जागेचा प्रश्न येत नाही. पण त्यासाठी उसने पैसे काढू नका किंवा कार्डावर टाकू नका, मग त्यात काही वाचत नाही.

किड्यांचं. धान्य दोन-तीन दिवस चांगलं तापवायचं आणि मग, हे फार महत्त्वाचं, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. गरम भरलं की आत घाम सुटतो आणि त्या ओलीवर सोंडे आणि बुरशी दोन्ही येतात. गव्हाला हाताला ओशट लागेल इतपतच एरंडेल चोळा. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे पण मी ती सुचवणार नाही, ती पोटात जाण्याची वस्तूच नाही. सावलीत कडकडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला डब्यात घाला, बास. अख्ख्या कडधान्याला डाळीपेक्षा लवकर भुंगे लागतात त्यामुळे मूग-चवळी महिन्या-दीड महिन्याचीच आणा, आणि आणल्यावर हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात काढा. रवा आणल्या आणल्या भाजून ठेवला की जाळी धरत नाही, आणि सकाळी उपम्याची घाईही वाचते.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याचे, घरात मासळीशिवाय मुलांना जेवण जात नाही. पावसात मासळीचे भाव ऐकवत नाहीत, जून-जुलैत बजेट पार कोलमडतं. काय करावं?

उत्तर : या प्रश्नाचं उत्तर मे महिन्यातच शोधायचं असतं हे तुम्हालाही ठाऊक असणार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस बाजारात फक्त खाडीची, होडीवाल्यांची आणि बर्फातली मासळी, भाव चढणारच. आणि हा माशांच्या विणीचा काळ असल्यामुळे ती बंदी हवीच, नाहीतर पुढे मुलांना बांगडा बघायला मिळायचा नाही. गोव्यात याच दिवसांसाठी मे महिन्यात पुरुमेंताचे बाजार भरतात, सुकी मासळी, मीठ, सोलं, मिरची, उकडा तांदूळ सगळं एकदम भरून ठेवतात. तुमच्याकडेही आजी-पणजी हेच करत होत्या.

मार्चपासून दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला काढा आणि मे च्या पहिल्या पंधरवड्यात सुका जवळा, सुके बांगडे, बोंबील घ्या, शेवटच्या आठवड्यात भाव चढलेले असतात. घेताना हाताने मोडून बघा, कडक मोडायला हवी, वाकली तर आत ओल आहे. घरी आणून पुन्हा एक-दोन उन्हं द्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, महाग असतात, ते थोडेच घ्या आणि वांग्यात-बटाट्यात घाला, मूठभर सोड्यांनी अख्ख्या रश्शाला चव येते. जवळ्याची चटणी किंवा कांद्यावर परतलेला जवळा आठवड्यातून दोनदा, सुक्या बांगड्याची किसमूर एकदा. घरात कुणाला बीपी असेल तर खारवलेली मासळी त्यांच्या पानात अगदी कमी वाढा आणि शिजवायच्या आधी गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाका.

बाकीच्या दिवशी अंड्याचं सांबारं तुमच्याच मासळीच्या वाटपात करा, तेच खोबरं, तीच मिरची, तिरफळं नकोत फक्त, मुलं आवडीने खातात. कुळथाची पिठी आणि भात हे पावसातलं सगळ्यात स्वस्त आणि पोटभरीचं जेवण आहे. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवल्या असतील तर त्या काळ्या वाटाण्यांच्या आमटीत टाका. टाकळा, अळू, शेवग्याचा पाला तर परड्यात फुकट मिळतो, टाकळ्याची भाजी कोवळी असतानाच करा, जुलै निम्मा झाला की पानं निबर होतात. आणि 1 ऑगस्टला बोटी सुटल्या की पहिल्याच दिवशी धावू नका, बंदर नीट चालू व्हायला आणि भाव उतरायला थोडे दिवस जातात, समुद्र खवळलेला असला तर नारळीपौर्णिमेपर्यंतसुद्धा.